बेचाळीसला थोडंसं कमी

थर्मामीटर मी आणला तो बायकोचं म्हणणं खोडून काढायला. संसारात नवऱ्यांनी आणलेल्या निम्म्या वस्तू याच कारणाने घरात येतात, आणि पुढे तिच्याच बाजूने साक्ष देतात. पण ते मला त्या वेळी माहीत नव्हतं.

बायको पालिकेच्या मुलींच्या शाळेत दुसरीला शिकवते. शाळा आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. सकाळी मोठ्यांची, दुपारी बारा ते पाच लहानांची. मुख्य इमारतीत जागा पुरेना म्हणून तिचा वर्ग गेली अकरा वर्षं मागच्या पत्र्याच्या खोलीत भरतो. त्या दिवशी ती घरी आली, पर्स खुर्चीवर टाकली आणि म्हणाली, "आज दोन मुली चक्कर येऊन पडल्या. एकीचं डोकं बाकावर आपटलं. टाके पडले."

"तापमान किती होतं?" मी विचारलं. दुसरा नवरा असता तर त्याने आधी पाणी आणून दिलं असतं, हे मला नंतर सुचलं.

"मला काय माहीत? भाजत होतं एवढं कळतंय."

"पेपरात एक्केचाळीस पॉइंट सहा आहे."

"मग पेपरवाल्यांना म्हणावं, माझ्या वर्गात बसा आणि तिथून छापा."

इथे पालिकेचा नियम सांगायला हवा. शहराचं अधिकृत तापमान बेचाळीस अंशांना पोचलं, की दुपारची शाळा बंद आणि लहान मुलं सकाळी. नियम चांगला आहे. पण गेले तीन आठवडे आकडा एक्केचाळीस पॉइंट सहा, पॉइंट आठ, पॉइंट नऊ, पुन्हा पॉइंट सात असा घुटमळत होता. बेचाळीसच्या उंबऱ्यापर्यंत यायचा आणि पाऊल मागे घ्यायचा. मी विमा कचेरीत आवक-जावक विभागात आहे. आलेल्या प्रत्येक कागदाला नंबर देऊन रजिस्टरात चढवणे हे माझं काम. छापलेल्या आकड्यावर माझा बायकोपेक्षा जास्त विश्वास असणं स्वाभाविक आहे.

म्हणून थर्मामीटर आणला आणि बाल्कनीत टांगला. रविवारी दुपारी दोन वाजता बघतो तर एक्कावन्न! मी दोन पावलं मागे सरलो.

"काय लावलंय ते?" वरच्या मजल्यावरून आवाज आला. तिथे निवृत्त इंजिनिअर राहतात. हयातभर स्लॅब टाकले, म्हणून सगळे त्यांना स्लॅबसाहेब म्हणतात. कुणी विचारलं नाही तरी सल्ला देतात, आणि विचारलं तर दोन देतात. "अहो, शेजाऱ्यांच्या एसीच्या तोंडाशी लावलंय तुम्ही! ते हवेचं तापमान नाही, त्यांच्या बेडरूममधून हाकलून दिलेलं तापमान आहे."

ही गोष्ट माझ्या कधी डोक्यातच आली नव्हती. एसी गारवा तयार करतो असंच मी समजत होतो. तो घरातली उष्णता उचलून माझ्या बाल्कनीत आणून टाकतो हे ऐकल्यावर मला आधी राग आला आणि मग भयंकर उत्सुकता वाटली. आमच्या इमारतीत एकूण किती एसी? मोजले, तर अडतीस. समोरच्या इमारतीत बावन्न. म्हणजे नव्वद खोल्यांतली गरमी गल्लीत, आणि गल्लीची रुंदी वीस फूट. दुसऱ्या दिवशी कचेरीत माझं कामात लक्ष नव्हतं. सवयीने आवक रजिस्टरात मी '५१ अंश' असा नंबर लिहिला आणि शेजारी 'गल्लीकडून' असं लिहून मोकळा झालो. आमच्या साहेबांनी सबंध सकाळ त्या पत्राचा शोध घेतला.

स्लॅबसाहेबांचा दुसरा सल्ला असा, की तापमान मोजायचं तर थर्मामीटर पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत ठेवतात. ऊन लागत नाही आणि हवा खेळती राहते. मी सुताराला चित्र काढून दिलं. पेटी झकास झाली. फक्त वरच्या बाजूला त्याने एक लांबट फट ठेवली होती.

"ही कशाला?"

"पेटी म्हटल्यावर फट नको? नाहीतर टाकणार कुठून?" सुतार म्हणाला.

ती पेटी मी इमारतीच्या आवारात, चार फूट उंचीच्या खांबावर बसवली. तिसऱ्या दिवशी उघडली तर थर्मामीटरच्या डोक्यावर सहा चिठ्ठ्या! 'तिसऱ्या मजल्याच्या एसीचं पाणी आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं.' 'लिफ्टमधला आरसा कोणी नेला?' वगैरे. दुसरा कुणी असता तर त्याने त्या फाडून टाकल्या असत्या. माझा मात्र हात शिवशिवला. मी सहाही चिठ्ठ्यांना आवक नंबर दिले, तारीख टाकली. आणि एकदा कागदाला नंबर दिला की उत्तर द्यावंच लागतं, हा आमच्या खात्याचा धर्म. आठवडाभर मी दुसरा मजला आणि तिसरा मजला यांच्यात निरोप पोचवत फिरत होतो. शेवटी दोन्ही मजल्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं, ती म्हणजे मी भांडणं लावतो.

सेक्रेटरी वेगळ्याच काळजीत. "पेटी राहू द्या," ते खालच्या आवाजात म्हणाले, "पण आकडा मोठ्याने बोलू नका. लोक फ्लॅट बघायला येतात. आपली गल्ली गरम आहे असं बाहेर पसरलं तर?"

"पण गल्ली गरम आहेच की."

"असू दे ना. बोलायचं कशाला?"

फट बुजवून घेतली आणि रोज जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन दुपारी अडीचचा आकडा लिहू लागलो. चव्वेचाळीस. चव्वेचाळीस पॉइंट पाच. त्रेचाळीस पॉइंट नऊ. पेपरात एक्केचाळीस पॉइंट सात. बायकोचं म्हणणं खोडायला आणलेल्या थर्मामीटरने माझंच नाक कापलं होतं. पण खरं सांगतो, मला नाकाचं काही वाटेनासं झालं होतं. मला आता कळायलाच हवं होतं, की हे तीन अंश जातात कुठे?

एका रविवारी मी थर्मामीटर आणि रजिस्टर घेऊन रस्त्यावर उतरलो. नव्या काचेच्या इमारतीसमोर सेहेचाळीस; काचेवरून परतणारं ऊन समोरच्या फुटपाथवर पडतं, तिथे तर चपलेतून चटका बसतो. पार्किंगच्या काँक्रीटवर पंचेचाळीस. बस थांब्याजवळ एक जुनं, रुंद झाड राहिलंय, त्याच्याखाली एकोणचाळीस! एकाच शहरात, चालत सात मिनिटांवर, सात अंशांचा फरक. मला इतका आनंद झाला, की मी बसची वाट बघणाऱ्या एका आजीबाईंना तो आकडा दाखवला. त्या म्हणाल्या, "म्हणून तर मी इथे बसते. बस कुठे पकडायचीय मला?"

पुढच्या रस्त्यावर मात्र विचित्र प्रकार झाला. मी दुकानांसमोर थांबून, हातातलं यंत्र उंच धरून रजिस्टरात लिहितोय, तर दुकानदार भराभर पाट्या आत घेऊ लागले. फुटपाथवर मांडलेल्या बादल्या, गाद्या, पुतळे दोन मिनिटांत दिसेनासे झाले. एकाने तर पायऱ्या गोणपाट टाकून झाकल्या. "साहेब, दोनच फूट बाहेर आहे," तो अजिजीने म्हणाला. मी पालिकेचा माणूस नाही असं सांगितलं, तेव्हा त्याला आणखी भीती वाटली. त्या दिवशी त्या फुटपाथवरून लोक चालले. मला वाटतं, माझ्या हातून झालेलं हे एकमेव लोकोपयोगी काम.

आता प्रश्न उरला, की शहराचा अधिकृत आकडा येतो कुठून? चौकशी करत गेलो. गावाच्या टोकाला जुनी वेधशाळा आहे. फाटकातून आत शिरलो आणि अंगावर शहारा आला. चारी बाजूंनी झाडं, मधोमध हिरवंगार गवताचं मैदान आणि त्यात माझ्यासारखीच पांढरी पेटी, फक्त फट नसलेली. तिथले निरीक्षक साठीच्या घरातले, बारीक अंगकाठीचे. माझ्या रजिस्टराकडे त्यांनी भुकेल्या माणसाने ताटाकडे बघावं तसं बघितलं.

"इथे फार गार आहे हो," मी तक्रारीच्या सुरात म्हणालो.

"असणारच. नियमच आहे. गवतावर मोजायचं. तीस फुटांत भिंत नको, डांबर नको, काँक्रीट नको."

"पण शहरात सगळं तेच आहे!"

"म्हणून तर शहरात मोजत नाहीत," ते म्हणाले. त्यांना यात काही गंमत वाटली नाही. मग हळूच म्हणाले, "तुमच्या काचेच्या इमारतीसमोर खरंच सेहेचाळीस? मला दाखवाल एकदा?"

त्यांच्याच सांगण्यावरून मी पालिकेच्या उष्णता कक्षात अर्ज घेऊन गेलो. कक्ष तळघरात होता आणि तिथला एसी असा काही जोरात, की कारकून स्वेटर घालून बसले होते. अधिकाऱ्यांनी माझे चाळीस दिवसांचे आकडे चाळले.

"याला आकडे म्हणता येत नाही."

"मग काय म्हणायचं?"

"निवेदन." त्यांनी रजिस्टर मिटलं. "अधिकृत केंद्राभोवती तीस फूट गवत लागतं. तुमच्या प्रभागात अशी जागा दाखवा, लगेच केंद्र देतो. मला या वर्षी दहा केंद्रं उघडायचीच आहेत. अजून एकही झालं नाही."

"अशी जागा आमच्याकडे नाही."

"मग तिथलं तापमान घेता येणार नाही."

"पण साहेब, अशी जागा असती तर तापमान वाढलंच नसतं ना?"

"तो धोरणाचा प्रश्न आहे," ते म्हणाले. "दुसरा मजला." दुसऱ्या मजल्यावर रंगकाम चालू होतं.

मी घरी येऊन हा सगळा विनोद बायकोला रंगवून सांगितला. ती हसली नाही. वह्या तपासत होती, तपासतच राहिली. मग म्हणाली, "आज वर्गात एकोणीस आल्या. चाळीसपैकी."

"बाकीच्या?"

"घरचे पाठवत नाहीत. टाके पडलेली ती तर त्या दिवसापासून आलीच नाही. तिच्या घरी जाऊन आले मी. आई म्हणाली, बाई, उन्हाळा संपल्यावर बघू." तिने पेनचं टोपण लावलं. "अहो, उन्हाळा संपल्यावर कुणी बघत नाही. मोठ्या बहिणीबरोबर कामाला जायला लागते, धाकट्याला सांभाळायला लागते. एकदा सवय मोडली की मोडली. दोन वर्षांपूर्वी अशाच सहा गेल्या. एकही परत आली नाही. तुम्ही ते तीन अंश शोधताय ना, शोधा. मी या एकवीस जणी शोधतेय."

चाळीस दिवस मी दुपारी अडीचला पेटी उघडत होतो. दोन गल्ल्या पलीकडे जाऊन तिचा वर्ग एकदाही बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी निरीक्षक काचेची इमारत बघायला आले. सेहेचाळीस पॉइंट दोन बघून त्यांनी तीनदा चष्मा पुसला. "चला, आणखी एक जागा दाखवतो," म्हणून मी त्यांना शाळेत घेऊन गेलो. वर्ग चालू होता. बायको दारात उभं राहून शिकवत होती, म्हणजे निदान तिच्या पाठीला वारा लागावा. मुली ओले रुमाल डोक्यावर घेऊन पाढे म्हणत होत्या. निरीक्षक आत गेले नाहीत. ते दारावरच्या चौकटीकडे टक लावून बघत राहिले. तिथे पुसट अक्षरांत लिहिलं होतं: 'साठवण शेड क्र. ३'.

"हे काय?"

"पूर्वी इथे पालिकेचं धान्य ठेवायचे," बायको म्हणाली. "मग वर्ग केला. पाटी तशीच राहिली."

"कागदोपत्री वर्ग केला का?"

"कागदोपत्री कोण करतंय?"

निरीक्षकांनी पिशवीतून एक जुनं, कडा झिजलेलं नियमांचं पुस्तक काढलं. माझ्या आयुष्यात मी इतक्या प्रेमाने पुस्तक उलगडणारा माणूस बघितला नाही. "सापडलं. पत्र्याच्या साठवण शेडमधलं धान्य उन्हाने खराब होऊ नये, यासाठी शेडच्या आत तापमान केंद्र ठेवता येतं. गवताची अट नाही. आणि पुढे बघा: दुपारी बारा ते चार, निरीक्षक सोडून कोणत्याही माणसाचा किंवा जनावराचा शेडमध्ये वावर नसावा. माणसांच्या अंगच्या उष्णतेने आकडा बिघडतो."

बायकोने पुस्तकात डोकावून ती ओळ पुन्हा वाचली.

"म्हणजे धान्यासाठी नियम आहे," बायको सावकाश म्हणाली.

"धान्यासाठी आहे," निरीक्षक म्हणाले. त्यांनी मान खाली घातली होती.

अर्ज मी लिहिला. माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीतला हा सर्वांत सुंदर अर्ज. त्यात मुलींचा, चक्करेचा, टाक्यांचा उल्लेख नव्हता; साठवण शेड क्रमांक तीनमधील उष्णतेचे निरीक्षण एवढाच विषय. तळघरातल्या अधिकाऱ्यांनी दप्तर काढलं. शेड क्रमांक तीन खरोखर दप्तरी होती, शाळेची खोली मात्र कुठेच नव्हती. अकरा वर्षं बायको एका अशा वर्गात शिकवत होती, जो पालिकेच्या मते अस्तित्वातच नव्हता. अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावर दहातलं पहिलं केंद्र झाल्याचा आनंद पसरला. पाऊण तासात सही झाली. मुख्याध्यापिकाबाईंना पत्र गेलं, की वैज्ञानिक कामास्तव शेडमधील वावर दुपारी बंद ठेवावा. सकाळी ती खोली रिकामीच असते, तेव्हा वर्ग सकाळी सातला भरवावा. इतकी वर्षं त्या म्हणत होत्या, "वरून पत्र आल्याशिवाय मी काही करू शकत नाही." पत्र आलं, आणि त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

राहिला निरीक्षक. पुस्तकाप्रमाणे एक माणूस आत हवाच. वेधशाळेत माणसं नाहीत, पालिकेकडे नाहीत. अर्थातच बिनपगारी मानद निरीक्षक म्हणून माझी नेमणूक झाली. आमच्या साहेबांनी आश्चर्यकारक समजूतदारपणा दाखवला. "टपाल सकाळी येतं आणि संध्याकाळी जातं," ते म्हणाले. "मधले चार तास तुम्ही कचेरीत नसलात तर रजिस्टर तरी स्वच्छ राहील."

पहिल्या दिवशी बारा वाजता मी आत शिरलो आणि दार ओढून घेतलं. बाक सात वर्षांच्या मुलींच्या मापाचे. गुडघे छातीला लावून बसलो. पंखा होता, पण तो पत्र्याखालची गरम हवा ढवळून डोक्यावर ओतत होता. साडेबाराला घाम फुटला, एकला शर्ट चिकटला, दीडला फळ्यावरचं बायकोचं अक्षर हलायला लागलं. अडीचला आकडा पंचेचाळीस पॉइंट चार. आणि खोली रिकामी होती. चाळीसजणी असताना किती होत असेल? हा प्रश्न मला पडला तो मात्र कुतूहलाने नव्हे. अकरा वर्षं ती इथे पाच-पाच तास उभी राहून आली, आणि मी तिला पेपरातला आकडा वाचून दाखवला होता. मला मनापासून लाज वाटली.

चार वाजता निरीक्षक माझी नोंद तपासायला आले. पाणी पाजलं, आकडा बघून समाधानाने मान डोलावली.

"हे किती दिवस चालवायचं?" मी विचारलं. "म्हणजे निरीक्षण पूर्ण कधी होतं?"

"दिवस?" त्यांनी पुस्तक उघडायचेही कष्ट घेतले नाहीत. "अहो, कमी काळाला हवामान म्हणतच नाहीत. तीस वर्षांची नोंद लागते. मध्ये खंड पडला तर पहिल्यापासून."

मी घरी पोचलो तेव्हा शर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता. बायको दुपारची झोप काढून उठली होती. लग्नानंतर कामाच्या दिवशी ती दुपारी झोपल्याचं मी पहिल्यांदाच बघत होतो. तिने आधी पाणी आणून दिलं. मग विचारलं, "किती?"

"पंचेचाळीस पॉइंट चार. आणि तुझ्या किती?"

"तेहतीस. टाकेवाली आली. पहिल्या बाकावर बसली."

मी तिला तीस वर्षांचं सांगितलं. मला वाटलं, ती हसेल किंवा बिचारा म्हणेल. ती बोटांवर हिशेब करू लागली.

"माझी नोकरी चौदा वर्षं उरलीय," ती म्हणाली. "पुढची सोळा वर्षं माझ्यानंतर येणाऱ्या बाईंना उपयोगी पडतील. चालेल. उद्यापासून तुमचा डबा साडेअकराला तयार ठेवते. आणि हो, जाताना दोन रुमाल न्या. एक ओला करून डोक्यावर घ्यायचा."